सभागृहातून वाडीवर: कोकणात टीबीचं प्रशिक्षण कसं द्यावं

राजापूरच्या बाजूला एका उपकेंद्रात बसलो होतो. आशाताईंनी सकाळी गोळा करून आणलेल्या डब्या सिस्टर प्रयोगशाळेत पाठवायच्या तयारीत होत्या. मी एक डबी उचलून खिडकीकडे धरली. आत पाण्यासारखं पातळ काहीतरी, वर चार बुडबुडे. सहा डब्यांपैकी चारांत हेच. मी म्हटलं, "ताई, ही नुसती लाळ आहे. यातून काही सापडणार नाही." त्या जरा दुखावल्याच. म्हणाल्या, "सर, ट्रेनिंगमध्ये थुंकीचा नमुना आणा असं सांगितलं होतं. मी आजोबांना थुंका म्हटलं, ते थुंकले."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. कार्यक्रमाच्या कागदावर 'थुंकी' हाच शब्द आहे आणि थुंक म्हटल्यावर माणूस तोंडातली लाळच थुंकणार. छातीतून खोकून वर येतो त्याला आपल्याकडे बेडका म्हणतात. त्या ताईंनी टीबीची तीन प्रशिक्षणं केली होती, पण एकाही प्रशिक्षणात त्यांच्या हातात डबी देऊन कोणी हा फरक दाखवला नव्हता. मीही तोवर कित्येक वर्षं स्लाइडवर 'थुंकी तपासणी' असंच लिहीत आलो होतो. त्या दिवसापासून माझी शिकवण्याची पद्धत बदलली.

हा लेख प्रशिक्षण देणाऱ्यांसाठी आहे: तालुका आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर, टीबी युनिटचे पर्यवेक्षक, गटप्रवर्तक, आणि आपल्या गावातल्या खासगी डॉक्टरांना एकत्र आणू पाहणारी कोणतीही संस्था. माझं म्हणणं एकच आहे. प्रशिक्षणानंतर माणसाच्या हातून कोणतं काम वेगळं व्हायला हवं हे आधी ठरवा आणि तेच काम प्रशिक्षणात त्याच्याकडून करून घ्या.

आधी कसं शिकवत होतो

राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला. १९९७ मध्ये तो सुधारित रूपात आला, २००६ पर्यंत सगळ्या देशात पोचला आणि २०२० पासून त्याचं नाव राष्ट्रीय क्षयरोग दुरीकरण कार्यक्रम असं झालं. सुधारित कार्यक्रमाच्या सुरुवातीची प्रशिक्षणं जाड पुस्तिकांवर चालायची. गोल बसायचं, एकेकानं परिच्छेद मोठ्यानं वाचायचा आणि मागचे प्रश्न सोडवायचे. कंटाळवाणं होतं खरं, पण त्यात एक शिस्त होती आणि उपचार कार्ड भरायचा सराव हातानं व्हायचा. पुढे प्रोजेक्टर आला आणि पुस्तिका मागे पडल्या. राज्यात प्रशिक्षण झालेला जिल्ह्यात शिकवायचा, जिल्ह्याचा तालुक्यात, तालुक्याचा आरोग्य केंद्रात. वरच्या दोन दिवसांचे खाली येईपर्यंत दोन तास व्हायचे आणि मासिक सभेत लसीकरण, माता आरोग्य आणि डेंग्यू यांच्या मधल्या फटीत टीबी बसायचा.

दरम्यान टीबीचं शास्त्र पुढे सरकलं. रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी सांगणाऱ्या चाचण्यांवर २०१२ मध्ये बंदी आली. आठवड्यातून तीन दिवस औषध देण्याची पद्धत जाऊन २०१७ मध्ये देशभर वजनानुसार रोजच्या एकत्रित गोळ्या आल्या. सूक्ष्मदर्शकाच्या जोडीला सीबीनॅट आणि ट्रूनॅट ही जंतूचा डीएनए शोधणारी यंत्रं आली. ट्रूनॅट बनवणारी कंपनी आपल्या शेजारच्या गोव्यातली आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये त्याची शिफारस केली. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीसाठी सहा महिन्यांच्या, सगळी औषधं तोंडानं घ्यायच्या नव्या पद्धतीला २०२४ मध्ये आपल्या आरोग्य मंत्रालयानं मंजुरी दिली. याआधी हाच उपचार वीस महिन्यांपर्यंत लांबायचा आणि त्यातले कित्येक महिने रोज इंजेक्शनं टोचून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. ज्याचं शेवटचं प्रशिक्षण दहा वर्षांपूर्वी झालं, त्याच्या डोक्यात यातलं निम्मं जुनंच असतं. म्हणून नवं सांगण्याआधी जुनं काढावं लागतं.

पहिलं पाऊल: वीस रुग्णांचा माग काढा

प्रशिक्षणाची तारीख ठरवायच्या आधी आपल्या टीबी युनिटमधले गेल्या वर्षभरातले वीस रुग्ण निवडा. एसटीएसना (टीबी युनिटच्या उपचार पर्यवेक्षकांना) बरोबर घेऊन प्रत्येकाशी पंधरा मिनिटं बोला. खोकला किंवा ताप कधी सुरू झाला? सगळ्यात आधी कुणाकडे गेलात? त्यांनी काय दिलं? पुढे कुठे? बेडका कधी तपासला, निकाल कधी कळला, पहिली गोळी कधी पोटात गेली? प्रत्येक रुग्णासाठी एका कागदावर आडवी रेघ ओढा आणि तिच्यावर तारखा मांडा.

हे वीस कागद भिंतीवर चिकटवलेत की तुमच्या तालुक्यात रुग्ण नेमका कुठे अडकतो ते दिसतं. बंदरपट्टीत तो बहुतेकदा मेडिकल दुकानात अडकतो. खलाशाला डॉक्टरकडे जायला सवड नसते, होडी सुटण्याआधी तो खोकल्याची बाटली आणि चार गोळ्या घेऊन जातो. सड्यावरच्या (खडकाळ माळपठारावरच्या) वाड्यांत तो घरातच अडकतो. चिरेखाणीवर धुळीत काम करणाऱ्याला खोकला हा कामाचाच भाग वाटतो. शहराजवळ तो तीन-चार खासगी दवाखाने फिरतो. आंब्याच्या बागेत राखणीला आलेला नेपाळी गडी अडकतो कारण त्याच्याशी त्याच्या भाषेत कोणी बोललेलंच नसतं. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय टीबी प्रादुर्भाव सर्वेक्षणात लक्षणं असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोक कुठेच दाखवायला गेलेले नव्हते. हा आकडा स्लाइडवर वाचून दाखवला तर विसरला जातो. आपल्याच वाडीच्या माणसाची चार महिन्यांची रेघ मात्र कुणी विसरत नाही.

दुसरं पाऊल: कुणाला, कधी, कुठे

सगळ्यांना एका सभागृहात बसवू नका. डॉक्टर असले की आशाताई बोलत नाहीत आणि सरकारी अधिकारी समोर असले की खासगी डॉक्टर मनातलं सांगत नाहीत.

आशा, एएनएम आणि आरोग्य सेवकांचं प्रशिक्षण उपकेंद्रात घ्या. एका वेळी बारा ते पंधरा जणी, सकाळी दहा ते दोन. त्यांना तालुक्याच्या गावी बोलावलं की येण्या-जाण्यात दोन एसटी बदलाव्या लागतात आणि दुपारी तीनच्या गाडीकडे डोळे लागलेले असतात.

खासगी डॉक्टर दिवसा येत नाहीत. त्यांची ओपीडी रात्री साडेआठ-नऊला संपते. त्यांच्या संघटनेच्या मासिक बैठकीला जोडून सव्वा तास मागा आणि सव्वा तासातच संपवा. एमबीबीएस, आयुर्वेद, होमिओपॅथी असा भेद करू नका. आपल्या गावांत रुग्ण आधी ज्याच्याकडे जातो तो तुमच्या कामाचा. औषध दुकानदारांची बैठक वेगळी, दुपारी दुकान बंद असतं त्या वेळात.

वर्षाचं गणितही सांभाळा. जूनच्या मध्यापासून लावणी असते आणि आशाताईंची स्वतःची शेतं असतात. गणपतीत आणि शिमग्यात कुणी येणार नाही, बोलवूही नये. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ चांगला. पण मच्छीमार सोसायटीबरोबर काही करायचं असेल तर १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी सोडू नका. होड्या शाकारलेल्या असतात, मालक आणि तांडेल किनाऱ्यावर असतात. परगावचे खलाशी मात्र तोवर आपापल्या गावी गेलेले असतात, त्यांच्यासाठी हंगाम सुरू झाल्यावर बंदरावरच जावं लागतं.

तिसरं पाऊल: जुनं काढून टाका

पहिला अर्धा तास यासाठी ठेवा. मी एकेक वाक्य म्हणतो आणि खरं वाटतं त्यांनी उजवीकडे, खोटं वाटतं त्यांनी डावीकडे जायचं. चुकलेल्याला कोणी हसायचं नाही, हे आधीच सांगतो.

"दोन आठवडे खोकला नसेल तर टीबी नाही." बहुतेक जण उजवीकडे जातात. दोन आठवड्यांचा खोकला किंवा ताप, वजन घटणं, रात्री घाम, थुंकीतून रक्त, ही लक्षणं आजही महत्त्वाची आहेत. पण त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात छातीचा एक्स-रे काढला नसता तर सुमारे ४२ टक्के रुग्ण निसटले असते. एचआयव्हीसह जगणाऱ्याच्या बाबतीत तर दोन आठवडे वाट पाहायचीच नाही. मधुमेही, टीबी रुग्णाच्या घरातले, आधी टीबी होऊन गेलेले, वृद्ध, कुपोषित, दारू-तंबाखूचं व्यसन असलेले, यांना लक्षणं नसली तरी एक्स-रेसाठी पाठवायचं. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेचा भर याच लोकांवर होता.

"स्मिअर निगेटिव्ह म्हणजे टीबी नाही." खोटं. स्मिअरमध्ये बेडका काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकातून पाहतात, तिथे दिसायला नमुन्यात जंतू भरपूर असावे लागतात. सीबीनॅट आणि ट्रूनॅटला त्याहून कितीतरी कमी जंतू पुरतात आणि रिफाम्पिसिन चालेल का हेही त्याच दिवशी कळतं.

"मॉन्टू पॉझिटिव्ह आली की टीबीची औषधं सुरू करावी." हेही खोटं. हातावर टोचून करायच्या त्या चाचणीतून फार तर शरीरात जंतू शिरलेत एवढं कळतं. आजार आहे की नाही ते कळत नाही.

"पुन्हा टीबी झालेल्याला स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन द्यावं." ती पद्धत बंद झाली. आधी औषधप्रतिकाराची चाचणी, मग त्यानुसार उपचार.

चौथं पाऊल: बेडका

याला एक तास द्या. इतर काही कापावं लागलं तरी चालेल, हे कापू नका. कारण नमुनाच वाईट असेल तर लाखो रुपयांचं यंत्र काय करणार?

टेबलावर तीन डब्या ठेवा. एकीत साधं पाणी आणि थोडा साबणाचा फेस, ही लाळ. दुसरीत पातळ खळ आणि तिच्यात कालवलेली हळद, हा घट्ट पिवळसर बेडका. तिसरीत दोन्ही एकत्र. प्रत्येकीनं डब्या हातात घ्यायच्या, उजेडाकडे धरायच्या, वाकड्या करून पाहायच्या. घट्ट बेडका डबीच्या कडेवरून सावकाश सरकतो आणि लाळ पटकन वाहते. एकदा हे डोळ्यांनी पाहिलं की शब्दांची गरज उरत नाही.

मग रुग्णाला कसं सांगायचं त्याचा सराव. मी ताईंना उभं करतो आणि त्यांच्याच बोलीत सांगायला लावतो. मालवणकडच्या एका ताईंनी माझ्यापेक्षा छान सांगितलं होतं: "आजोबा, तोंडातली लाळ नको माका. छातीतसून ढवळून येता ना, तो बेडको होयो." क्रम असा शिकवा. नमुन्याआधी साध्या पाण्यानं खळखळून चूळ भरायची. उघड्यावर जायचं, परसात किंवा अंगणाच्या कडेला, आजूबाजूला कोणी नको. दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यायचा, शेवटचा क्षणभर धरायचा आणि पोटातून जोरात खोकायचं. डबी ओठांशी धरायची, कडेला काही लागू द्यायचं नाही. साधारण दोन मिलिलिटर तरी हवा. नाही आला तर पुन्हा श्वास, पुन्हा खोकला. एक नमुना भेटीच्या वेळी आणि एक सकाळी उठल्याउठल्या, कारण रात्रभर छातीत साठलेला बेडका सकाळी येतो. ताईनं वारा येतो त्या बाजूला, म्हणजे वारा तिच्याकडून रुग्णाकडे जाईल असं, रुग्णाच्या पाठीमागे थोडं लांब उभं राहायचं.

नाव झाकणावर लिहायचं नाही, डबीच्या अंगावर लिहायचं. प्रयोगशाळेत चार झाकणं एका वेळी उघडली की कुणाचं कुठलं ते कळत नाही. झाकण घट्ट, डबी पिशवीत, पिशवी उभी. नमुना शक्यतो त्याच दिवशी पोचवायचा. पावसाळ्यात घाटातली एसटी रद्द झाली, पऱ्या भरून वाहू लागला, तर नमुना थंड जागी ठेवायचा, पण लशींच्या फ्रीजमध्ये कधीच नाही. हे आधीच ठरवून ठेवा: अशा दिवशी नमुना कुणाच्या दुचाकीवरून जाणार, कुठल्या उपकेंद्रात वेगळा फ्रीज आहे. ज्या ताईला हे माहीत नाही, ती नमुना दोन दिवस ओसरीवर ठेवते.

पाचवं पाऊल: डॉक्टरांबरोबर नाटक

मुंबईत डॉ. मुकुंद उपळेकर यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे शंभर खासगी डॉक्टरांनी टीबीसाठी ८० वेगवेगळ्या प्रकारची औषधयोजना लिहिली होती. डॉ. झरीर उदवाडिया यांच्या गटानं धारावीत तोच प्रश्न विचारून २०१० मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात १०६ डॉक्टरांनी ६३ प्रकारे लिहून दिलं. मधली वीस वर्षं प्रशिक्षणं चालूच होती. नंतर संशोधकांनी रुग्णाची भूमिका शिकवलेली माणसं दवाखान्यांत पाठवली. मुंबई आणि पाटण्यातल्या अशा मोठ्या अभ्यासात, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, फक्त सुमारे ३५ टक्के भेटींत डॉक्टरांनी योग्य ते केलं. दिल्लीतल्या अशाच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. तोच रुग्ण कागदावर लिहून दिला तर डॉक्टर बरोबर उत्तर देतात, तो समोर येऊन बसला की वेगळं वागतात. म्हणजे प्रश्न माहितीचा कमी आणि सवयीचा जास्त आहे. गर्दी असते, रुग्णाला आजच बरं वाटायला हवं असतं, तपासणीला पाठवला तर तो दुसऱ्या दवाखान्यात जाईल अशी भीती असते. हे सगळं बोलू द्या. डॉक्टरांची लेखी परीक्षा घेऊन हे बदलत नाही.

म्हणून व्याख्यान नको, नाटक करा. टीबी युनिटमधला एखादा कर्मचारी किंवा बरा झालेला रुग्ण रुग्ण होतो, एक डॉक्टर डॉक्टर होतात, बाकीचे पाहतात. चार मिनिटं. रुग्ण म्हणतो, "तीन आठवडे खोकला आहे, आधी एका डॉक्टरांच्या गोळ्या घेतल्या, बरं वाटलं, परत सुरू झालं." डॉक्टर काय विचारतात, काय लिहितात, ते पाहायचं. मग चर्चा. याच ठिकाणी सांगायचं की लेव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधं टीबीच्या जंतूवरही काम करतात. पाच-सात दिवस दिली की रुग्णाला तात्पुरतं बरं वाटतं आणि निदान लांबतं. खोकल्याच्या रुग्णाला ती देण्याआधी बेडका तपासायला पाठवा. स्टेरॉइडचंही तेच. हा एक बदल झाला तरी तुमचा सव्वा तास सार्थकी लागला.

डॉक्टरांना टीबी रुग्णाची नोंद करणं २०१२ पासून बंधनकारक आहे. पण धाक घालून बोलू नका. नोंद केली तरी रुग्ण तुमच्याकडेच राहू शकतो, त्याला औषधं आणि तपासणी मोफत मिळू शकते, निक्षय पोषण योजनेची आहारासाठीची आर्थिक मदत खासगी रुग्णालाही मिळते, हे सांगा. ही मदत २०१८ मध्ये महिना ५०० रुपयांनी सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली. आणि एक फोन नंबर द्या, एसटीएसचा, ज्यावर फोन केला की खरंच उचलला जातो. रुग्णासाठी निक्षयची मोफत हेल्पलाइन १८००-११-६६६६ आहे, तिचा कागद दवाखान्यात लावायला द्या.

औषध दुकानदारांना दोनच गोष्टी. टीबीची औषधं २०१४ पासून एच-१ यादीत आहेत, त्यांची विक्री वेगळ्या वहीत रुग्णाच्या आणि डॉक्टरांच्या नावासह लिहावी लागते. दुसरी, तिसऱ्यांदा खोकल्याची बाटली मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला "एकदा बेडका तपासून या" एवढं म्हणणं. बंदरावरच्या दुकानदाराला सगळे खलाशी तोंडओळखीचे असतात. त्याच्या या एका वाक्याला आमच्या पोस्टरपेक्षा जास्त वजन आहे.

सहावं पाऊल: चाकरमानी

कोकणातल्या प्रत्येक टीबी प्रशिक्षणात हा विषय हवाच, पण कुठल्याही राष्ट्रीय पुस्तिकेत तो आपल्याला हवा तसा सापडणार नाही.

मुंबईत औषधं सुरू झालेला माणूस आजारपणात गावी येतो. आईच्या हातचं खायला मिळेल, खोलीचं भाडं वाचेल, हवा चांगली. येताना त्याच्याकडे आठ दिवसांच्या गोळ्या असतात. त्या संपल्यावर तो आरोग्य केंद्रात जातो. तिथे त्याला "मुंबईचं पत्र आणा" असं सांगितलं गेलं तर तो घरी जाऊन झोपतो. थोडं बरं वाटत असतंच, गोळ्या थांबतात. अडीच महिन्यांनी तो पुन्हा येतो तेव्हा वजन उतरलेलं असतं आणि जंतूही पहिल्यासारखा साधा असेलच असं नाही. एका तरुणाची अशी रेघ मी भिंतीवर लावली होती. मधल्या रिकाम्या जागेकडे पाहून एक डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "तो माझ्याच ओपीडीला आला होता."

म्हणून सराव असा घ्या. एक जण चाकरमानी होतो. हातात रिकामं पाकीट आणि मोबाईलमध्ये उपचार कार्डाचा अर्धवट फोटो. आरोग्य केंद्रातल्या टीमनं दहा मिनिटांत पुढचं करून दाखवायचं: निक्षय आयडी (सरकारी ऑनलाइन टीबी नोंदणीतला रुग्णाचा क्रमांक) विचारणं, तो नसेल तर नाव आणि मोबाईलवरून शोधणं, मुंबईतल्या एसटीएसना फोन, औषधप्रतिकाराच्या चाचणीचा निकाल काय होता ते विचारणं, रुग्ण निक्षयवर बदलून घेणं, आणि त्याच दिवशी गोळ्या हातात देणं. पत्र मागून येईल. परतीच्या वेळी उलटं: गणपती संपवून मुंबईला निघालेल्याला पुरेशा गोळ्या, आणि तिकडच्या टीबी युनिटला आधी फोन. गणपतीच्या पंधरा दिवस आधी आशाताईंनी आपल्या वाडीत टीबीच्या औषधांवरचे कोण येणार आहेत ते हळूच विचारून ठेवावं. "हळूच" हा शब्द महत्त्वाचा आहे. वाडीत कळलं तर मुलीचं लग्न अडेल, या भीतीनं माणसं मुंबईतच राहून झिजतात.

सातवं पाऊल: गोळ्या, वजन, ताट

एकत्रित गोळ्यांची संख्या वजनावर ठरते. प्रौढात २५ ते ३४ किलोला दोन, ३५ ते ४९ ला तीन, ५० ते ६४ ला चार, ६५ ते ७५ ला पाच, त्याहून जास्त वजनाला सहा. पाठ करून घेऊ नका, उदाहरण द्या. ४६ किलोच्या बाईचं वजन दोन महिन्यांनी ५२ झालं. पाच किलोपेक्षा जास्त वाढ आणि गटही बदलला, म्हणजे डॉक्टरांना सांगून चार गोळ्या. मग विचारा, तुमच्या उपकेंद्रातला वजनकाटा बरोबर आहे का? एकाच ताईला दोन काट्यांवर उभं करा. फरक दिसतो तेव्हा सगळ्यांच्या लक्षात येतं.

दुष्परिणाम शिकवताना दोन टोपल्या करा. घाबरायचं नाही त्या एका टोपलीत: लघवी लालसर होणं, थोडी मळमळ. लगेच डॉक्टरकडे न्यायचं त्या दुसरीत: डोळे पिवळे, सतत उलट्या, अंगभर पुरळ, दिसायला अंधुक, रंग नीट न ओळखणं, हातापायांना मुंग्या, सांधे सुजणं. डोळे पिवळे झाले आणि उलट्या असतील तर त्या दिवशीची गोळी न देता ताबडतोब घेऊन जायचं. चिठ्ठ्यांवर लक्षणं लिहून ताईंनी टोपल्यांत टाकायच्या. दहा मिनिटांत होतं आणि लक्षात राहतं.

आहाराबद्दल 'प्रथिनयुक्त आहार घ्या' असं कोणालाही सांगायचं नाही, असा मी नियमच केला आहे. झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णाच्या कुटुंबाला जादा शिधा दिल्यावर घरातल्या इतरांमध्ये नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. खाणं हे औषधाइतकंच महत्त्वाचं आहे. मग आपल्या ताटात काय आहे ते बोला. पेजेबरोबर सुकट, कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, अंडं, बांगडा स्वस्त असेल तेव्हा बांगडा, काळ्या वाटाण्याची उसळ. ताईंना गटात बसवून 'शंभर रुपयांत दोन दिवसांचं' असा बाजार लिहायला लावा. त्या तुमच्यापेक्षा चांगला लिहितात.

घरातल्या इतरांची तपासणी आणि आजार नसेल तर प्रतिबंधक उपचार, सहा महिने रोज आयसोनियाझिड किंवा बारा आठवडे आठवड्यातून एकदा दोन औषधांचा डोस, हे याच भागात घ्या. ठणठणीत माणसाला गोळ्या कशाला, हा प्रश्न घरोघर येणार. त्याचं उत्तर ताईंकडून तिथेच म्हणवून घ्या.

आठवं पाऊल: उदबत्ती

पावसाळ्यात आपल्या उपकेंद्रांच्या खिडक्या बंद असतात आणि आत पंधरा माणसं दाटीनं बसतात. हवेतून पसरणाऱ्या आजाराला याहून सोयीचं काय? प्रशिक्षण चालू असताना दारं-खिडक्या लावून एक उदबत्ती पेटवा आणि धूर कुठे जातो ते पाहा. मग समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा, पुन्हा पाहा. धूर आधी कर्मचाऱ्याकडून रुग्णाकडे जाईल आणि मग बाहेर, अशी खुर्ची फिरवा. खोकणाऱ्याला ओसरीवर वेगळं बसवणं, त्याला आधी तपासून मोकळं करणं, त्याला साधा मास्क आणि तपासणाऱ्याला एन-९५, एवढं ठरवा. यासाठी पैसे लागत नाहीत, फक्त वळचणीला एक बाकडं लागतं.

नववं पाऊल: बरा झालेला माणूस

कार्यक्रमात यांना टीबी चॅम्पियन म्हणतात. त्यांना शेवटी पाच मिनिटं 'मनोगत' देऊ नका, सुरुवातीला अर्धा तास द्या. आणि त्यांची परवानगी आधी, एकांतात घ्या. कुठली गोष्ट सांगायची आणि कुठली नाही हे त्यांनी ठरवायचं. एका बाईंनी सांगितलं होतं की औषधांपेक्षा त्यांना एका गोष्टीचा त्रास जास्त झाला: आरोग्य सेवक घरी येऊन अंगणातूनच मोठ्यानं हाक मारायचे, "टीबीच्या गोळ्या संपल्या का?" त्या दिवशी खोलीत बसलेल्या सगळ्यांनी आपण कशी हाक मारतो ते आठवून पाहिलं. 'संशयित', 'डिफॉल्टर' हे शब्द वापरू नका असं मी अनेकदा शिकवलं होतं, पण त्या बाईंच्या बोलण्यानंतर ते शब्द खरंच थांबले.

दहावं पाऊल: प्रशिक्षणानंतरचे तीन महिने

प्रमाणपत्र देऊन फोटो काढला की काम संपलं, ही सवय सोडायला सगळ्यात अवघड. पूर्व आणि उत्तर चाचणीचे गुण वाढले म्हणून काही सिद्ध होत नाही. पंधराव्या दिवशी एसटीएस किंवा गटप्रवर्तकांनी प्रत्येक ताईबरोबर एक घरभेट करावी. चुका काढायला जायचं नाही. तिच्यासोबत एक नमुना घ्यायचा आणि तो उजेडाकडे धरून पाहायचा. व्हॉट्सअॅप गट करा, पण रुग्णाचं नाव, फोटो, रिपोर्ट तिथे टाकायचा नाही, हे पहिल्याच दिवशी लिहून टाका. आठवड्याला एक अवघड प्रसंग टाका आणि उत्तर चोवीस तासांनी द्या. डॉक्टरांसाठी महिन्यातून एकदा पाऊण तासाची ऑनलाइन बैठक ठेवा. जिल्ह्याच्या टीबी तज्ज्ञापुढे एकेकानं आपला अडलेला रुग्ण मांडायचा. सड्यावरच्या आरोग्य केंद्रात नेट मिळत नाही, तिथल्या डॉक्टरांना फोनवर घ्या.

मोजायच्या गोष्टी थोड्याच ठेवा. प्रत्येक उपकेंद्रातून महिन्याला किती नमुने गेले. त्यातले किती लाळेचे निघाले, यासाठी लॅब टेक्निशियनना प्रत्येक नमुन्यापुढे 'बे' किंवा 'ला' लिहायला सांगा. नमुना दिल्यापासून पहिल्या गोळीपर्यंत किती दिवस. खासगी डॉक्टरांकडून किती नोंदी. आणि मुंबईहून आलेल्या किती जणांना त्याच दिवशी गोळ्या मिळाल्या.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी पुन्हा नवे दहा रुग्ण घ्या, पुन्हा रेघा ओढा आणि जुन्या वीस कागदांच्या शेजारी लावा. राजापूरच्या बाजूच्या त्या उपकेंद्रात मी असाच परत गेलो होतो. लॅबची वही उघडली. एका पानावर आठ नमुने, सात पुढे 'बे'. आठवा एका आजीचा होता. ताई म्हणाल्या, "सर, आजींना खोकायला जोरच नाही. उद्या सकाळी मी स्वतः जाऊन बसते त्यांच्याजवळ." आजींच्या एक्स-रेची चिठ्ठी त्यांनी आधीच करून ठेवली होती.